सिनेमातलं खोटं कुठून येतं? गुलामगिरीवरचे चित्रपट आणि आपली तळटीप

पेट पास झालेल्या किंवा एमएच्या प्रबंधाला विषय शोधणाऱ्या मुलामुलींकडून एक शीर्षक मला हमखास ऐकू येतं: "अमुक चित्रपटातील इतिहासाचे विकृतीकरण: एक अभ्यास." हसण्यासारखं काही नाही, माझा पहिला सिनॉप्सिसही साधारण असाच होता. अमेरिकेतल्या गुलामगिरीवरचे गाजलेले चित्रपट घ्यायचे, त्यांत काय काय चुकीचं दाखवलंय त्याची यादी करायची आणि शेवटी "माध्यमांनी अधिक जबाबदारीने वागले पाहिजे" असं लिहून मोकळं व्हायचं. गाईडनी समासात पेन्सिलीने दोनच प्रश्न लिहिले होते. चूक, ती कशाच्या तुलनेत? आणि तो 'बरोबर' इतिहास कोणी लिहिला?

तेव्हा मला ते उगाच शब्दांत पकडणं वाटलं. नंतर लक्षात आलं की सगळा विषय त्या दोन प्रश्नांतच आहे. कारण या चित्रपटांच्या मागे मागे जात राहिलं की शेवटी आपण स्टुडिओत पोचत नाही, विद्यापीठात पोचतो. आजच्या लेखात तोच प्रवास दाखवतो. तुमचा विषय गुलामगिरी नसला, पेशवाईवरची मालिका किंवा फाळणीवरचा चित्रपट असला, तरी पद्धत उपयोगी पडेल.

आधी थोडी पार्श्वभूमी

अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध झालं. १८६० च्या जनगणनेनुसार तिथे जवळपास ४० लाख माणसं गुलामगिरीत होती. युद्धानंतर तेराव्या घटनादुरुस्तीने १८६५ मध्ये गुलामगिरी संपली, चौदाव्या दुरुस्तीने १८६८ मध्ये नागरिकत्व मिळालं आणि पंधराव्या दुरुस्तीने १८७० मध्ये काळ्या पुरुषांच्या मतदानाच्या हक्काला संरक्षण मिळालं. १८६५ ते १८७७ या काळाला तिथले इतिहासकार 'रिकन्स्ट्रक्शन' म्हणतात, आपण पुनर्रचनेचा काळ म्हणू. या काळात काल-परवापर्यंत ज्यांची खरेदी-विक्री होत होती ती माणसं विधिमंडळात निवडून जाऊ लागली. १८७७ नंतर दक्षिणेकडच्या राज्यांत हे हक्क कायद्याने आणि दहशतीने पुन्हा काढून घेतले गेले.

हा बारा वर्षांचा काळ नीट लक्षात ठेवा. पुढची सगळी भानगड याच काळाच्या चित्रणावरून आहे.

१९१५: संदर्भ देणारा सिनेमा

डी. डब्ल्यू. ग्रिफिथ यांचा 'द बर्थ ऑफ अ नेशन' हा तीन तासांचा मूकपट फेब्रुवारी १९१५ मध्ये आला. थॉमस डिक्सन यांच्या १९०५ सालच्या 'द क्लॅन्समन' या कादंबरीवर तो बेतलेला होता. चित्रपट-अभ्यासाच्या बहुतेक अभ्यासक्रमांत तंत्रासाठी तो अजूनही शिकवतात. गोष्ट अशी: युद्धानंतर दक्षिण 'उद्ध्वस्त' होते, मोकळे झालेले काळे लोक सत्ता हातात येताच माजतात, गोऱ्या बायका असुरक्षित होतात आणि मग पांढरे झगे घातलेले कू क्लक्स क्लॅनचे घोडेस्वार येऊन सगळ्यांना वाचवतात. काळ्या माणसांच्या मुख्य भूमिका तोंडाला काळं फासलेल्या गोऱ्या नटांनी केल्या होत्या.

यातला एक प्रसंग आपल्या कामाचा आहे. दक्षिण कॅरोलिना राज्याचं विधिमंडळ दाखवलंय. काळे सदस्य बूट काढून टेबलावर पाय टाकून बसलेत, दारू पितायत, सभागृहातच कोंबडी खातायत. या प्रसंगाच्या आधी पडद्यावर पाटी येते की हे सभागृह १८७० सालच्या सभागृहाची हुबेहूब प्रतिकृती असून छायाचित्रावरून उभं केलं आहे.

म्हणजे बघा, सिनेमात चक्क तळटीप! आता तुम्ही संशोधक म्हणून काय विचाराल? छायाचित्रावरून काय सिद्ध होऊ शकतं? खोली केवढी होती, बाकं कशी मांडली होती, खिडक्या कुठे होत्या, एवढंच. त्या बाकांवर बसलेली माणसं कशी वागत होती हे त्यावरून सिद्ध होत नाही. खोली छायाचित्राची, वागणं पटकथेचं. पण पाटीचा अधिकार दोन्हींना मिळाला. खरा संदर्भ देऊन खोटी गोष्ट गळी उतरवण्याचं याहून स्वच्छ उदाहरण मला अजून सापडलेलं नाही.

आणखी काही पाट्यांवर वुड्रो विल्सन यांच्या इतिहासग्रंथातले उतारे आहेत. विल्सन म्हणजे तेव्हाचे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष. पण त्याआधी ते प्राध्यापक होते, प्रिन्स्टन विद्यापीठाचे प्रमुख होते आणि पीएचडी असलेले आजवरचे एकमेव अमेरिकी राष्ट्राध्यक्ष आहेत. त्यांचा पाच खंडांचा 'अ हिस्ट्री ऑफ द अमेरिकन पीपल' १९०२ मध्ये आला होता. ग्रिफिथने तो वाचला आणि सोयीचे उतारे उचलले. फेब्रुवारी १९१५ मध्येच या चित्रपटाचा खेळ व्हाइट हाउसमध्ये झाला.

इथे एक इशारा. त्या खेळानंतर विल्सन यांनी चित्रपटाची वीज आणि इतिहास यांची तुलना करून स्तुती केली, असं एक वाक्य तुम्हाला शेकडो ठिकाणी सापडेल. त्या वेळच्या नोंदींत त्याचा पुरावा मिळत नाही. ते छापात दिसू लागलं ते बऱ्याच वर्षांनी. ते वापरण्याचा मोह फार होतो, कारण वाक्य चटकदार आहे. पण वंशवादी खोटेपणा उघडा पाडणाऱ्या प्रबंधातच एक बिनपुराव्याचं वाक्य घुसलं, तर परीक्षकाने काय म्हणावं? विल्सन यांच्या छापील पुस्तकातले उतारे पुरेसे बोलके आहेत. तेवढेच वापरा.

त्या तळटिपेच्या मागे कोण होतं?

आता खरा प्रश्न. ग्रिफिथने हे सगळं डोक्यातून काढलं होतं का? नाही. त्या काळी अमेरिकेतल्या शाळा-कॉलेजांत पुनर्रचनेचा इतिहास साधारण असाच शिकवला जात होता. त्याचं मोठं केंद्र होतं न्यूयॉर्कचं कोलंबिया विद्यापीठ. तिथले विल्यम डनिंग हे नावाजलेले प्राध्यापक आणि त्यांच्या हाताखाली पीएचडी करणारे विद्यार्थी. एकेकाने दक्षिणेतलं एकेक राज्य घेतलं आणि त्या राज्यातल्या पुनर्रचनेवर प्रबंध लिहिला. या मंडळींना इतिहासलेखनात 'डनिंग स्कूल' म्हणतात. त्यांचा सूर थोडक्यात असा: काळ्यांना मतदानाचा हक्क देणं ही घोडचूक होती, त्यांची सरकारं भ्रष्ट आणि नालायक होती आणि गोऱ्यांनी सत्ता परत घेतली ते बरंच झालं.

हे वाचताना मी जरा हादरलो होतो, ते सांगतो का. हे लोक आळशी नव्हते. ते दप्तरखान्यांत बसले होते, पत्रं, वर्तमानपत्रं, विधिमंडळाची कामकाजं त्यांनी चाळली होती, पानापानावर संदर्भ दिले होते. आपल्याला 'मेथडॉलॉजी'च्या तासाला जे जे करायला सांगतात ते बरंचसं त्यांनी केलं होतं. तरी निष्कर्ष वंशवादीच निघाला. कारण कोणाचा शब्द पुरावा मानायचा आणि कोणाचा नाही हे दप्तरखान्याची पायरी चढायच्या आधीच ठरलं होतं. मळेवाल्याचं पत्र म्हणजे पुरावा, आणि कालच्या गुलामाची साक्ष म्हणजे अज्ञानी माणसाची बडबड.

"तो काळच तसा होता, त्यांना दुसरी माहितीच नव्हती" असं कोणी म्हणालं तर ऐकू नका. डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस हे हार्वर्डची पीएचडी मिळवणारे पहिले काळे अमेरिकी अभ्यासक. त्यांनी १९०९ मध्ये अमेरिकन हिस्टॉरिकल असोसिएशनच्या अधिवेशनात पुनर्रचनेच्या फायद्यांवर निबंध वाचला. या सरकारांनी दक्षिणेत सर्वांसाठी मोफत शाळा सुरू केल्या, जास्त लोकशाही असलेली राज्यघटना दिली, नवे सामाजिक कायदे केले, हा त्यांचा मुद्दा होता. १९१० मध्ये तो निबंध असोसिएशनच्याच नियतकालिकात छापून आला. म्हणजे ग्रिफिथचा चित्रपट यायच्या पाच वर्षं आधी! माहिती होती. ती ऐकली गेली नाही.

पुढे १९३५ मध्ये डु बॉइस यांचा 'ब्लॅक रिकन्स्ट्रक्शन' हा मोठा ग्रंथ आला. त्याच्या शेवटच्या प्रकरणात त्यांनी थेट इतिहासकारांचीच झडती घेतली आहे: कोणी काय लिहिलं, कोणते पुरावे वगळले आणि पाठ्यपुस्तकांतून मुलांच्या डोक्यात काय उतरवलं. साहित्याचा आढावा कसा घ्यावा असं मला कोणी विचारलं तर मी आधी ते प्रकरण वाचायला सांगतो. आपला आढावा बहुतेक वेळा "यांनी असे म्हटले आहे, त्यांनी तसे म्हटले आहे" अशी यादी असते. डु बॉइस दाखवतात की आढावा म्हणजे जाब विचारणं.

त्या विधिमंडळात खरोखर कोण बसलं होतं याचं एकच उदाहरण देतो. रॉबर्ट स्मॉल्स. गुलामगिरीत जन्मलेला हा माणूस युद्धात दक्षिणेच्या सैन्याच्या 'प्लँटर' या जहाजावर सुकाणू धरायला होता. १३ मे १८६२ च्या पहाटे, गोरे अधिकारी किनाऱ्यावर गेलेले असताना, त्याने आपल्या आणि सहकाऱ्यांच्या बायकामुलांना जहाजावर घेतलं आणि ते चार्ल्स्टनच्या बंदरातून, किल्ल्यांच्या तोफांसमोरून, उत्तरेच्या नौदलाकडे नेलं. पुढे तो दक्षिण कॅरोलिनाच्या घटना परिषदेत होता, विधिमंडळात होता, नंतर अमेरिकेच्या काँग्रेसमध्ये गेला. ग्रिफिथच्या पडद्यावर त्याच सभागृहातल्या माणसाच्या हातात कोंबडीची तंगडी आहे.

पण सिनेमाने फरक पडतो हे सिद्ध कसं करणार?

"चित्रपटामुळे समाजावर वाईट परिणाम झाला" हे वाक्य प्रबंधात लिहिणं सोपं, दाखवणं अवघड. १९१५ च्या नोव्हेंबरमध्ये विल्यम सिमन्स याने जॉर्जियातल्या स्टोन माउंटनवर क्रॉस जाळून क्लॅनची नव्याने स्थापना केली. पुढच्याच महिन्यात अटलांटात चित्रपट लागला. घटना पाठोपाठ घडल्या म्हणून एकीमुळे दुसरी घडली असं होत नाही, हे आपण पहिल्याच सत्रात शिकतो. असंही असेल ना, की जिथे आधीच द्वेष होता तिथेच चित्रपट जास्त चालला?

अर्थशास्त्रज्ञ डेस्मंड अँग यांनी नेमकी हीच गाठ सोडवायचा प्रयत्न केला; त्यांचा निबंध २०२३ मध्ये 'अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू'मध्ये आला. चित्रपट गावोगावी फिरत होता, त्यामुळे प्रत्येक काउंटीत, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या भागात, तो कधी पोचला याच्या तारखा मिळतात. त्या तारखांच्या आधी आणि नंतर हिंसाचार किती झाला हे पाहता येतं. चित्रपट पोचल्यावर पुढच्या महिन्यात लिंचिंगच्या घटना, म्हणजे जमावाने केलेल्या हत्या, सरासरी पाचपट झाल्या असं त्यांना आढळलं. क्लॅनच्या पाठिंब्यासाठी त्यांनी आणखी एक युक्ती वापरली. चित्रपट यायच्या आधीपासून जिथे नाट्यगृह होतं तिथे तो पोचण्याची शक्यता जास्त. नाट्यगृह कोणी वंशद्वेषापोटी बांधत नाही. मग नाट्यगृह असणं-नसणं या धाग्याने परिणाम मोजायचा. त्यातूनही चित्रपटाने १९२० च्या दशकात क्लॅनचा स्थानिक पाठिंबा वाढवला असंच दिसलं.

तुम्ही साहित्याचे किंवा इतिहासाचे विद्यार्थी असाल तर संख्याशास्त्राला घाबरू नका. गणित दुसऱ्याचं वापरा, पण त्यामागचा प्रश्न आपला करा: "परिणाम झाला" म्हणताय, तर तो झाला नसता तर जग कसं दिसलं असतं?

१९३९ आणि १९७७: चौकट बदलते तेव्हा

'गॉन विथ द विंड'बद्दल फार लिहीत नाही, त्यावर ढीगभर वाचायला मिळेल. पण एक गोष्ट लक्षात ठेवा. तोपर्यंत काळ्या नागरिकांच्या संघटनांचा दबाव वाढला होता, म्हणून पटकथेतून वंशवाचक शिवी गेली आणि क्लॅनचं नावही गेलं. कादंबरीतला क्लॅनचा हल्ला चित्रपटात 'राजकीय सभे'च्या आडून येतो. शिवी गेली तरी सुखी, एकनिष्ठ गुलामांचं चित्र तसंच राहिलं. मॅमीची भूमिका करणाऱ्या हॅटी मॅकडॅनिएल ऑस्कर मिळवणाऱ्या पहिल्या काळ्या कलावंत ठरल्या, आणि त्या समारंभात त्यांना बाकी कलाकारांपासून वेगळ्या टेबलावर बसवलं होतं. शब्दांची सफाई आणि दृष्टीतला बदल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

दृष्टी बदललेली दिसते ती 'रूट्स'मध्ये. अॅलेक्स हेली यांच्या पुस्तकावरची ही मालिका जानेवारी १९७७ मध्ये एबीसी वाहिनीवर सलग आठ रात्री दाखवली. शेवटचा भाग जवळपास १० कोटी लोकांनी पाहिला असा तेव्हाचा अंदाज आहे. गोष्ट पहिल्यांदाच एवढ्या मोठ्या प्रमाणावर गुलामगिरीत ढकललेल्या कुटुंबाच्या बाजूने सांगितली गेली. यामागेही पडद्याबाहेरचा बदल आहे: नागरी हक्कांची चळवळ आणि तिच्यासोबत बदललेलं इतिहासलेखन. १९३६ ते १९३८ मध्ये सरकारी प्रकल्पातून गुलामगिरी भोगलेल्या वृद्ध माणसांच्या २,३०० हून अधिक मुलाखती घेऊन ठेवल्या होत्या. त्या कित्येक वर्षं पडून राहिल्या आणि याच काळात इतिहासकार त्यांच्याकडे गंभीरपणे वळले. आता त्या लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या संकेतस्थळावर फुकट वाचता येतात. वाचताना मात्र मुलाखत घेणारा बहुतेक वेळा गोरा होता आणि बोलणारा म्हातारा त्याच गावात गरिबीत राहत होता, हे विसरू नका.

पण 'रूट्स' आपल्या बाजूची म्हणून तिला सूट द्यायची का? इथे परीक्षा आहे. हेली यांच्यावर दुसऱ्या लेखकाच्या कादंबरीतले उतारे घेतल्याचा खटला झाला आणि १९७८ मध्ये पैसे देऊन तडजोड झाली. त्यांनी दिलेल्या वंशावळीतले कित्येक दुवे कागदपत्रांशी जुळत नाहीत हे वंशावळीच्या अभ्यासकांनी दाखवलं. हे आपण लपवायचं नाही. पण दुवे का जुळत नाहीत तेही सांगायचं. १८५० आणि १८६० च्या जनगणनेत गुलामगिरीतल्या माणसांची नावंच बहुतेक ठिकाणी लिहिलेली नाहीत. मालकाचं नाव, आणि त्याखाली वय, लिंग, रंग. बस. त्यातल्या बहुतेकांचं नाव जनगणनेत पहिल्यांदा येतं ते १८७० मध्ये. कागदावर नावच नसलेल्या पणजोबाला शोधायला निघालेला माणूस कल्पनेकडे का वळतो, हा प्रश्न "हेली खोटारडे होते" या निष्कर्षापेक्षा कितीतरी मोठा आहे.

२०१३: एका मुलीने हाती घेतलेलं पुस्तक

'ट्वेल्व्ह इयर्स अ स्लेव्ह' तुमच्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. न्यूयॉर्क राज्यातला सॉलोमन नॉर्थप हा स्वतंत्र काळा माणूस १८४१ मध्ये वॉशिंग्टनमध्ये पळवला गेला, लुइझियानात विकला गेला, जानेवारी १८५३ मध्ये सुटला आणि त्याच वर्षी त्याचं आत्मकथन छापलं गेलं. ते त्याने सांगितलं आणि डेव्हिड विल्सन या वकिलाने लिहून काढलं. सुटल्यावर त्याने गुलामांच्या व्यापाऱ्याविरुद्ध तक्रार केली, पण वॉशिंग्टनच्या कोर्टाने त्याची साक्ष घेतली नाही. कारण तो काळा होता. डनिंगच्या विद्यार्थ्यांना दप्तरात काळ्यांच्या साक्षी का दिसल्या नाहीत, याचं एक उत्तर इथे आहे.

मग पुस्तक विस्मृतीत गेलं. १९३० च्या आसपास लुइझियानातल्या एका मळेवाल्याच्या घरी स्यू एकिन नावाच्या बारा वर्षांच्या मुलीच्या हाती ते पडलं. त्यातली ठिकाणं तिच्या ओळखीची होती. पुढे शिकायला गेल्यावर तिला एका दुकानात त्याची प्रत २५ सेंटला मिळाली, आणि हे सगळं काल्पनिक आहे असं दुकानदाराने वर सांगितलं. तिने पुढची कित्येक वर्षं ते काल्पनिक नाही हे दाखवण्यात घालवली. इतिहासकार जोसेफ लॉग्सडन यांच्यासोबत तिने सिद्ध केलेली टिपांसह आवृत्ती १९६८ मध्ये निघाली. मळे, मालक, खटले, जमिनीचे व्यवहार, एकेक तपशील तपासून.

त्यातला सर्वांत बोलका कागद म्हणजे नॉर्थपला नेणाऱ्या 'ऑर्लिन्स' जहाजाची यादी. परदेशातून गुलाम आणणं १८०८ पासून बेकायदा झालं होतं, त्यामुळे किनाऱ्याने माणसं नेताना त्यांची नावं आणि वयं लिहून द्यावी लागत. त्या यादीत 'प्लॅट हॅमिल्टन' हे नाव आहे. 'प्लॅट' हे नॉर्थपवर लादलेलं नाव. व्यापाऱ्याच्या सोयीसाठी बनलेला कागद त्याच्याच विरुद्ध साक्ष देतो! कोर्टाने नॉर्थपचा शब्द घेतला नाही, पण व्यापाऱ्यांच्या कागदाने तो खरा ठरवला.

स्टीव्ह मॅक्वीन यांचा चित्रपट पुस्तकाशी बराच प्रामाणिक आहे. तरीही एक फरक बघा. जहाजावर रॉबर्ट नावाचा माणूस एका बाईला वाचवायला पुढे होतो आणि खलाशी त्याला भोसकतो. पुस्तकात रॉबर्ट देवीच्या रोगाने मरतो. "चूक" म्हणून नोंदवून पुढे जाऊ नका, त्याचा अर्थ लावा. विकायला नेत असलेला माणूस मारणं म्हणजे व्यापाऱ्याचे शेकडो डॉलर पाण्यात. नॉर्थपला स्वतःला १,००० डॉलरला विकलं होतं. गुलामगिरीत क्रौर्य होतंच, पण ते बहुतेक वेळा हिशेबी होतं. चित्रपटाला खलनायक लागतो, हिशेबाची वही दाखवणं अवघड जातं. दुसरं म्हणजे, पुस्तकात नॉर्थप, रॉबर्ट आणि आणखी एक जण जहाज ताब्यात घ्यायचा बेत करतात. उलट्या होडीखाली लपता येतं का हे नॉर्थप करूनही बघतो. रॉबर्टच्या आजारपणाने तो बेत फसतो. पडद्यावर त्या तयारीचं फार थोडं उरतं. सहन करणारा माणूस दिसतो, योजना आखणारा माणूस पुसट होतो.

जे कोणत्याच चित्रपटात नाही

एवढं पाहिल्यावर आकड्यांकडे या. 'स्लेव्ह व्हॉयेजेस' या खुल्या डेटाबेसच्या अंदाजानुसार अटलांटिक समुद्रातून सुमारे १ कोटी २५ लाख माणसं आफ्रिकेतून जहाजांत कोंबली गेली आणि सुमारे १ कोटी ७ लाख जिवंत उतरली. त्यातली आजच्या अमेरिकेच्या भूमीवर थेट उतरलेली सुमारे ३ लाख ८८ हजार, म्हणजे शंभरात चारही नाहीत. ब्राझीलमध्ये ४८ लाखांच्या आसपास. पण 'गुलामगिरी' म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? अमेरिकेतला कापसाचा मळा. कारण सिनेमा हॉलिवूडचा. एकही खोटं वाक्य न बोलता चित्र कसं एकांगी होतं, त्याचं हे उदाहरण.

मराठीत लिहिताना आपल्या शब्दांचाही एक सापळा आहे. 'रेस'ला आपण 'वंश' म्हणतो, पण आपला वंश म्हणजे घराणंही. आणि 'वर्ण' म्हणजे रंगही आणि चातुर्वर्ण्यातला वर्णही. एकाच परिच्छेदात 'वंशभेद' आणि 'वर्णभेद' अदलून-बदलून वापरले की वाचक नकळत दोन समाजांची सरमिसळ करतो. कोणता शब्द कोणत्या अर्थाने वापरणार हे पहिल्या प्रकरणात सांगून टाका. तसंच 'गुलाम' हा त्या माणसाचा स्वभाव नाही, त्याच्यावर लादलेली स्थिती आहे. दर वेळी लांबलचक लिहायची गरज नाही, पण शक्य तिथे 'गुलामगिरीत ठेवलेली माणसं' लिहून पाहा. लगेच पुढचा प्रश्न पडतो: कोणी ठेवलेली?

मग विषय कसा बांधायचा?

"हॉलिवूडमधील गुलामगिरीचे चित्रण" हा विषय नाही, ते गोदाम आहे. त्याऐवजी एकच उगम घ्या आणि त्याची रूपं लावून पाहा. नॉर्थपचंच घ्या: १८५३ चं पुस्तक, गॉर्डन पार्क्स यांनी दिग्दर्शित केलेला १९८४ चा टीव्ही-चित्रपट आणि २०१३ चा चित्रपट. एक जीवन, तीन काळ. प्रत्येक रूपाला चार प्रश्न विचारा:

१. ही माहिती कुठून आली? कोणतं पुस्तक, कोणता अभ्यासक, कोणतं दप्तर?

२. त्या दप्तरात कोणाला बोलू दिलं होतं, कोणाला नाही?

३. बदल कुठे केला, आणि त्या बदलाने कोणाची सोय झाली?

४. ज्या वर्षी हे बनलं त्या वर्षी वेगळी माहिती उपलब्ध होती का? असल्यास ती का घेतली नाही?

चौथा प्रश्न सर्वांत त्रासदायक आहे, म्हणून तो गाळायचा नाही. चित्रपट भूतकाळाबद्दल जेवढं सांगतो त्याहून जास्त तो बनला त्या काळाबद्दल सांगतो, हे वाक्य तुम्ही ऐकलं असेल. चौथ्या प्रश्नाशिवाय ते नुसतं सुभाषित राहतं.

जाता जाता एक तारीख. जोतीराव फुल्यांचं 'गुलामगिरी' १८७३ मध्ये प्रसिद्ध झालं. ते त्यांनी अमेरिकेत काळ्यांच्या गुलामगिरीविरुद्ध झटलेल्या लोकांना अर्पण केलं होतं, आपल्या देशबांधवांनी त्यांचा कित्ता गिरवावा या आशेने. १८७३! म्हणजे ऐन पुनर्रचनेच्या काळात. पुण्याचा एक माणूस अमेरिकेतल्या मुक्तीकडे आशेने बघत होता तेव्हा रॉबर्ट स्मॉल्स दक्षिण कॅरोलिनाच्या विधिमंडळात बसलेला होता. त्याच काळाला पुढे कोलंबियाच्या प्रबंधांनी 'घोडचूक' ठरवलं आणि ग्रिफिथने त्याचा तमाशा केला.

फुल्यांना अमेरिकेतली कागदपत्रं चाळायला मिळाली नव्हती. डनिंगच्या विद्यार्थ्यांना मिळाली होती. मुक्तीची बाजू कोणाच्या लक्षात आली ते बघा, आणि मग आपल्या सिनॉप्सिसमधली 'प्राथमिक साधने' ही यादी पुन्हा एकदा वाचा. त्यात कोणाची साक्ष नाही?